सहा मिलिमीटर

७ जानेवारी २०२५, मंगळवार

पुन्हा आलं!

सकाळच्या मीटिंगमध्ये. पंधरा माणसं, बाई मी एकटी. मागच्या महिन्याचा रिजेक्शनचा तक्ता वाचून दाखवत होते आणि डाव्या बाजूला ओलं लागलं. फाईल छातीशी धरली आणि पुढचा अर्धा तास तशीच उभी राहिले. साहेब म्हणाले, 'रश्मी मॅडम, बसा की.' — 'नको सर, बरं आहे.' बरं कसलं!

वॉशरूममध्ये जाऊन बघितलं. दूधच. दाबलं तर येतं, कधी न दाबताही येतं. सप्टेंबरपासून हे चाललंय. पाळीही तेव्हापासूनच नाही. पोटात काही नाही — दोनदा पट्टी लावून बघितली, दोन्ही वेळा एकच रेघ.

कुणाला सांगू? आणि काय सांगू? बाळ नाही, दूध आहे — असं? म्हणून इथे लिहितेय. लिहायचाही कंटाळा आलाय.

९ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. दुपारी दोनला आडवी झाले ती पाचला उठले. उठल्यावरही अंग तेवढंच जड. झोपेने जात नाही असला थकवा.

१२ जानेवारी, रविवार

आज धम्मरत्नची सुट्टी आणि मी कामावर. आमच्या चाकणच्या कंपनीला गुरुवार, त्याच्या तळेगावच्या कंपनीला रविवार. लग्नाला नऊ वर्षं होतील, एकत्र सुट्टी मोजून चार-पाच दिवस मिळते वर्षाला. एका घरात राहणारी दोन माणसं आम्ही, फ्रीजवर चिठ्ठ्या लावून बोलतो.

घरी आले तर सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळून ठेवलेले. 'खा. अंगात ताकद पायजे आता.' त्यातल्या 'आता'वर जोर होता.

त्यांना वाटतंय! कपाटातला पॅडचा पुडा चार महिने संपलेला नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. विचारत नाहीत, नुसत्या लाडू वळतात. मी एक खाल्ला.

चार वर्षांपूर्वी याच घरात मी सातव्या महिन्यात होते. मुलगी होती. रडलीच नाही. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं — बाळ नसलं तरी येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ताप भरला, छाती दगडासारखी झाली. सासूबाईंनी जुनं लुगडं फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, माझी छाती आवळून बांधली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतरही त्या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आता मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की मला दिवस गेलेले नाहीत?

१६ जानेवारी, गुरुवार

चिंचवडला डॉ. विजयश्रींकडे गेले. एकटीच. सगळं सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं असतं, आज कळलं.

त्यांनी तपासलं, खूप प्रश्न विचारले. डोकं दुखतं का? कधीकधी. दिसायला त्रास? नाही. कुठली औषधं चालू आहेत का? नाही. रक्त दिलं आणि आले. रिक्षात डोळा लागला.

१८ जानेवारी, शनिवार

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा बस तळवडे चौकात अडकलेली. प्रोलॅक्टिन म्हणून काहीतरी — माझं एकशे अठरा. शेजारी छापलंय, पंचवीसच्या आत पाहिजे.

दिवसभर गेज घेऊन पार्ट मोजणारी बाई मी. एकशे अठरा कुठे, पंचवीस कुठे! आमच्याकडे असा पार्ट आला तर वर पाठवतसुद्धा नाहीत, सरळ लाल पेटीत.

बसमधूनच फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, 'थायरॉइड ठीक आहे. दिवस गेलेले नाहीत. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, वाटाण्याएवढी — पिट्युटरी. दूध येण्याचा हुकूम तिथून सुटतो. तिथे बारीक गाठ असू शकते. घाबरू नका, बहुतेक वेळा साधी असते, गोळ्यांनी आटते. पण एमआरआय करून बघूया.'

पियूष ग्रंथी. शाळेत आकृतीला नाव द्यायला होती. एका गुणाची!

घाबरू नका म्हणाल्या. बसच्या खिडकीतून एक डोळा झाकून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसले. मग दुसरा झाकून. सगळं दिसतंय.

२० जानेवारी, सोमवार

आज पहाटे धम्मरत्नला उठवलं. सेकंड शिफ्ट करून आलेला, डोळे उघडत नव्हते. म्हटलं, 'उठ. सांगायचंय.' सगळं सांगितलं. दूध. पाळी. गाठ. एमआरआय.

उशीला टेकून बसला. मग म्हणाला, 'चार महिने?'

'हो.'

'आणि मला आज सांगतेस?'

'तू असतोस कुठे?'

हे बोलायला नको होतं. तोही तेवढाच दमतो. त्याने माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि तसाच पडून राहिला. बस चुकली. पुढच्या बसने गेले, अर्धा दिवस कापला.

गुरुवारी त्याच्या कंपनीत शटडाऊन आहे, मेंटेनन्सवाल्यांना सुट्टी नाहीच. म्हणाला, 'आईला ने सोबत.'

'काय सांगून?'

'डोकं दुखतं म्हण.'

२३ जानेवारी, गुरुवार

हात दुखतोय, सुई टोचली तिथे. तरी आजचं आजच लिहायला हवं.

सेंटरमध्ये सकाळी दहाची वेळ. सासूबाईंना एवढंच माहीत — डोक्याचा फोटो आहे. सोबत डब्यात लाडू घेऊन आलेल्या! आतल्या खोलीत टेक्निशियन बाई होती, मिनल नाव. एकेक काढायला लावलं — मंगळसूत्र, कानातलं, जोडवी, पिना, ब्लाउजची सेफ्टी पिनसुद्धा. 'आत मोठं चुंबक आहे ताई, लोखंडाचा कण नको.' मी काढून काढून सासूबाईंच्या ओंजळीत देत होते.

मग ती फॉर्म घेऊन बसली. पटापट विचारत होती, मी नाही नाही म्हणत होते. पेसमेकर? नाही. आधी काही ऑपरेशन? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेलाय? नाही. गरोदर आहात?

सासूबाईंनी मान वर केली.

'नाही,' मी म्हटलं.

'बाळाला अंगावर पाजता?'

नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण मला काय झालं कोण जाणे! कंटाळले होते लपवायला. म्हटलं, 'दूध येतं. बाळ नाही.'

मिनलचं पेन थांबलं. तिने काहीतरी लिहिलं, माझ्याकडे नीट बघितलं, म्हणाली, 'त्यासाठीच आहे ना हा एमआरआय. बरं झालं सांगितलंत.' मी सासूबाईंकडे बघितलं नाही. त्यांच्या ओंजळीतली जोडवी वाजली तेवढं ऐकू आलं.

मशीन म्हणजे बोगदा. डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, कानात बोळे. 'हलू नका, शक्यतो आवंढा पण हळू गिळा, जागा फार बारीक आहे,' मिनल म्हणाली. मग सुरू झालं — ठक ठक ठक, मध्येच घर्र. आमच्या प्रेस शॉपपेक्षा वाईट आवाज! मध्ये थांबून हातातून औषध सोडलं, दंडातून गार काहीतरी वर चढत गेलं. पुन्हा ठक ठक. खरं सांगायचं तर एवढ्या आवाजात मला झोप येत होती. कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी नुसतं पडून राहा म्हटलं होतं.

बाहेर आले. सासूबाईंनी एकेक वस्तू परत दिली, मंगळसूत्र स्वतः घातलं. रिक्षात बसलो. आकुर्डी गेल्यावर म्हणाल्या, 'कवापासून येतंय?'

'सप्टेंबरपासून.'

'मला कामून सांगितलं नाहीस?'

'तुम्हाला वाटत होतं की...'

'मला काय बी वाटंल! मी मागं बांधलं नव्हतं का तुला? तवा सांगावं लागलं होतं का?'

पदराने डोळे पुसत होत्या. मी डबा उघडून एक लाडू त्यांच्या हातात दिला, एक मी घेतला. निगडी येईपर्यंत आम्ही दोघी रिक्षात लाडू खात होतो. रिक्षावाला आरशातून बघत होता.

२५ जानेवारी, शनिवार

रिपोर्ट. दीड पान. शेवटची ओळ — पिट्युटरी ग्रंथी नॉर्मल, गाठ नाही.

धम्मरत्नने फोनवर शिट्टी वाजवली. सासूबाईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. मी पण हसले.

२८ जानेवारी, मंगळवार

मग येतंय कुठून?

आज दोनदा कपडे बदलले. डॉ. विजयश्री बाहेरगावी गेल्यात. त्यांच्या जागी कुणी तरुण डॉक्टर होता, म्हणाला, 'नॉर्मल आहे ना? मग झालं तर! मूल नसलं की बायका मनाला लावून घेतात, कधीकधी शरीर तसं वागतं. टेन्शन घेऊ नका.'

टेन्शन घेऊ नका! डोक्यात काही नाही म्हणजे सगळं माझ्या डोक्यातच आहे, असंच ना? गाठ निघाली असती तर निदान गाठीवर ढकलता आलं असतं. आता फक्त मी उरले.

रिजेक्ट पार्टलासुद्धा कारण लिहावं लागतं.

३० जानेवारी, गुरुवार

आज भांडायला गेले होते. खरंच! रिपोर्ट आणि फिल्म पिशवीत घालून सरळ सेंटरवर. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, 'पुन्हा बघा. काहीतरी राहिलंय.' ती म्हणाली, रिपोर्ट झालाय, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. माझा आवाज चढला. बसलेली माणसं बघायला लागली. मिनल बाहेर आली, तिने ओळखलं. आत गेली आणि परत येऊन म्हणाली, 'ज्योतीराम सर बोलवतायत.'

ज्योतीराम सर म्हणजे तिथले रेडिओलॉजिस्ट. साठीचे असतील. अंधाऱ्या खोलीत दोन मोठे पडदे लावून बसलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव. म्हणाले, 'बसा. काय राहिलंय म्हणता?'

म्हटलं, 'सर, मी क्वालिटीत आहे. पार्ट ओके आणि मशीन चालत नाही असं नसतं. कुठेतरी चूक असते.'

त्यांना राग येईल वाटलं होतं. उलट त्यांनी खुर्ची सरकवून मला पडद्याजवळ घेतलं. 'चला, तुम्हीच इन्स्पेक्शन करा.'

माझं डोकं, मधोमध उभं कापलेलं. नाक, जीभ, मेंदूच्या वळ्या. त्यांनी बाण नेत नेत तळाशी आणला आणि मोठं केलं. 'हे हाडाचं खोगीर. घोड्याच्या पाठीवर असतं ना, तसंच. त्यात बसलीय ती तुमची ग्रंथी.' राखाडी, इवलीशी. मागच्या टोकाला एक पांढरा ठिपका चमकत होता.

'हीच ना गाठ?' मी जवळजवळ ओरडले.

ते हसले. 'नाही हो. तो असायलाच पाहिजे. ग्रंथीचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा. मागचा असाच उजळ दिसतो. तिथे साठवण असते. नसता तर मी काळजी केली असती.'

मग समोरून कापलेलं चित्र. ग्रंथीतून वर जाणारा एक बारीक देठ, अगदी मधोमध, सरळ. 'हा देठ एका बाजूला कलला असता तर दुसऱ्या बाजूला काहीतरी ढकलतंय असं समजायचं. तुमचा सरळ आहे.' दोन्ही बाजूंना दोन काळे गोल — मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नसा. रक्त जोरात धावतं म्हणून काळ्या दिसतात म्हणे. खाली हवेची पोकळी. आणि वर, ग्रंथीपासून थोडं अंतर सोडून, एक चपटी पट्टी. 'डोळ्यांच्या दोन नसा इथे एकमेकींना ओलांडतात. गाठ मोठी झाली की वर सरकते आणि याच पट्टीला खालून टेकते. मग माणसाला समोरचं दिसतं, कडेचं दिसेनासं होतं. बघा, तुमच्याकडे मध्ये मोकळी जागा आहे.'

'उंची किती?' मी विचारलं. सवय!

त्यांनी मोजून दाखवली. सहा मिलिमीटर. 'लिमिट किती?' — 'सगळ्यांना एक लिमिट नाही. वयात येणाऱ्या मुलीची दहापर्यंत जाते, वरून फुगीर दिसते. पोटुशीची, बाळंतिणीची बारापर्यंत. म्हातारपणी आकसते. तुमच्या वयाला सहा, वरून सपाट — याच्यापेक्षा नॉर्मल मला सापडायचं नाही.'

बारापर्यंत. म्हणजे चार वर्षांपूर्वी माझीही फुगली असेल. मग तिची ती खाली बसली. कुणाला न सांगता.

सर म्हणाले, 'आता ऐका. ही ग्रंथी दूध सोडायला कायम तयारच असते. वरून, या देठातून, तिला सारखा निरोप येत असतो — थांब, थांब. तो निरोप पोचला नाही की दूध सुटतं. ग्रंथी चांगली, देठ चांगला. मग निरोप मध्ये कोण अडवतंय? औषधं काय घेता?'

'काहीच नाही.'

'काहीच नाही? डोकेदुखी, झोप, ॲसिडिटी?'

ॲसिडिटीची कॅप्सूल! पर्समध्येच होती. कंपनीच्या गेटसमोरच्या मेडिकलमधून घेते, सकाळी एक, संध्याकाळी एक. फर्स्ट शिफ्टला पहाटे नुसत्या चहावर निघायचं, कॅन्टीनचं तिखट — अर्धी लाइन तीच खाते. जुलैपासून रोज. चॉकलेटसारखी! ते औषध आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

सरांनी पाकीट उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचली. 'यात दोन औषधं आहेत. एक ॲसिड कमी करणारं. दुसरं मळमळ थांबवणारं, डॉम्पेरिडोन. हे दुसरं तो निरोप अडवतं. सगळ्यांना नाही होत, काहींना होतं. उगाच महिनोन्महिने घ्यायचं औषध नाही हे.' पाकीट माझ्या हातात दिलं. 'माझी शंका आहे, खात्री नव्हे. मॅडमना फोन करतो. बंद करा, रक्त पुन्हा तपासा, ते सांगेल.'

बोटांवर मोजलं. सात महिने!

उठताना म्हणाले, 'एक विचारू? मी विद्यार्थ्यांना शिकवतो. इथे येतात ते बिघाड घेऊनच येतात, इतकं स्वच्छ नॉर्मल मिळत नाही. नाव काढून तुमचा फोटो वापरू?'

सही केली. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी मला नमुना म्हणून निवडलं. जिना उतरताना हसू आलं, मग रडू आलं, मग नुसती दमून खालच्या पायरीवर बसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ. विजयश्री आल्या. 'मी विचारलं होतं औषधांचं, रश्मी.' — 'मला ती गोळी वाटलीच नाही, मॅडम.' त्या कपाळावर हात मारून हसल्या.

कॅप्सूल बंद करून आठवडा झाला. प्रोलॅक्टिन — अठरा!

१५ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस कोरडं.

आनंद व्हायला हवा. आज वॉशरूममध्ये दाबून बघितलं. एक थेंबही नाही. पुन्हा दाबलं. दुखेपर्यंत.

कुणाला सांगायचं नाही, इथेच लिहिते — इतके महिने मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, पण एका कोपऱ्यात असंही वाटायचं की हे तिचं आहे. उशिरा आलंय, पण तिचं आहे. ते एका कॅप्सूलचं निघालं.

२ मार्च, रविवार

पाळी आली. सासूबाई म्हणाल्या, 'आली का? बरं झालं बाई.' आणि मला चहा करून दिला. पाळी आल्यावर या घरात आजवर कुणी बरं झालं म्हटलं नव्हतं!

२४ मार्च, सोमवार

आमच्या लाइनवर योगिनी आहे. कॉन्ट्रॅक्टवर, तेवीस वर्षांची, वाशीमकडची. लग्नाला दोन वर्षं झाली. जेवताना कॅप्सूल फोडत होती. मी तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि तिथेच सगळ्या बायकांना माझी कहाणी सांगितली. सगळी! फाईल छातीशी धरल्याची पण. हसून हसून पोट दुखलं त्यांचं.

सुट्टीच्या वेळी योगिनी मागे थांबली. 'ताई, मला बी तसंच होतंय. पाळी न्हाई सहा महिनं. दूध बी येतंय.'

'मग तेच आहे. कॅप्सूल बंद कर.'

'डोकं लई दुखतंय पण.'

'माझंही दुखायचं. बंद कर, दोन महिने थांब, आपोआप जाईल. मी सांगते ना!'

म्हणाली, नवरा चाकणच्या एका डॉक्टरांकडे न्यायचं म्हणतोय. मी म्हटलं, 'कशाला उगाच दहा तपासण्या? मी केल्यात सगळ्या.' तिचा चेहरा केवढा हलका झाला! घरी येताना खूप दिवसांनी बसमध्ये झोपले नाही.

१४ एप्रिल, सोमवार

दोघांना एकत्र सुट्टी! पिंपरीला पुतळ्याजवळ गर्दीत धम्मरत्नने माझा हात सोडला नाही. सासूबाई निळ्या साडीत. पाय तुटले, पण चांगले तुटले.

८ मे, गुरुवार

लाइनवरच्या चार जणींनी कॅप्सूल सोडली. दोघींची पाळी नियमित झाली म्हणे. मला आता 'डॉक्टरताई' म्हणतात. चेष्टेने, पण म्हणतात.

योगिनीचा काल रात्रपाळीला जायच्या आधी फोन आला होता. तिचं अजून तसंच आहे. म्हटलं, 'प्रत्येकीचं शरीर वेगळं. धीर धर थोडा.' — 'व्हय ताई.'

२७ मे, मंगळवार

आज सुपरवायझर योगिनीवर ओरडला. ट्रेच्या दोन्ही कडांचे खराब पार्ट तिच्याकडून तसेच पुढे जातायत, मधले बरोबर पकडते. तीन दिवसांत तिसऱ्यांदा. मी तिची बाजू घ्यायला गेले. 'थकलीय ती,' म्हटलं.

मग ती माझ्यासोबत पाणी प्यायला निघाली आणि चालता चालता रॅकचा कोपरा तिच्या खांद्याला लागला. जोरात. एवढा मोठा पिवळा रॅक! 'दिसला न्हाई ताई,' म्हणाली. 'आजकाल असंच होतंय. काल दारालाबी धडकले.'

मी तिला समोर उभी केली. 'माझ्या नाकाकडे बघ.' दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवत आत आणत गेले. 'दिसली की सांग.'

आणत राहिले. आणत राहिले. पार माझ्या खांद्यांच्या आत आले तेव्हा म्हणाली, 'आता दिसली.'

समोरचं दिसतं, कडेचं दिसेनासं होतं. सरांनी मला पडद्यावर दाखवलं होतं — ग्रंथी, मोकळी जागा, वरची पट्टी. मला माहीत होतं. या सगळ्या लाइनवर एकटी मीच होते जिला हे माहीत होतं!

डॉ. विजयश्रींना लगेच फोन लावला.

२८ मे, बुधवार

कामावर गेलो नाही, मी आणि ती. डॉ. विजयश्रींनी तासाभरात सगळीकडे फोन केले. डोळ्यांची तपासणी आजच, एमआरआय उद्या सकाळी. तिचा नवरा भेदरलेला. सारखा विचारत होता, 'ताई, तुमच्यासारखंच आहे ना? गोळीचंच असंल ना?'

मी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

३ जून, मंगळवार

गाठ आहे. अठरा मिलिमीटर. डोळ्यांच्या नसांना खालून चांगलीच टेकलीय. गोळ्या सुरू केल्यात, त्यांनी ती उतरते, ऑपरेशनची वेळ बहुधा येणार नाही. गेलेली नजर किती परत येईल, हे आत्ता कुणी सांगू शकत नाही.

मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, 'एवढा त्रास होता, तर आधी का नाही आलीस?'

योगिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, 'मीच आळस केला, सर.'

मी शेजारच्या खुर्चीत होते. गप्प.